सुरुवात ड्युटी चार्टपासून
(स्वागताध्यक्षीय भाषण)

निरनिराळ्या आस्थापनांतून आलेले अधिकारी, कामगार प्रतिनिधी आणि मागच्या खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसलेले आमचे एसटीचे, वनखात्याचे, जिनिंगचे भाऊ-बहिणी हो. मागच्यांना विनंती, पुढे या. पुढच्या रांगा आज कोणासाठी राखून ठेवलेल्या नाहीत.

परतवाड्यात आपल्या सर्वांचं मनापासून स्वागत. इंग्रजांनी एलिचपूरशेजारी, म्हणजे आजच्या अचलपूरशेजारी, छावणी टाकली आणि तिच्याभोवती आमचं गाव वाढलं. बाहेरचा पाहुणा इथे गाडी बदलतो आणि चिखलदऱ्याला निघून जातो. आज आपण इथेच थांबलात, याचा स्वागताध्यक्ष म्हणून मला विशेष आनंद आहे. सागाचं लाकूड, कापूस, संत्री, एसटीचा डेपो आणि मेळघाटाचं जंगल, यांवर या गावाची चूल पेटते. यातलं प्रत्येक काम अंगमेहनतीचं आहे. म्हणून 'कर्मचाऱ्यांचं आरोग्य' हा विषय घेऊन परिषद भरवायची, तर ती पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित सभागृहाऐवजी इथे भरावी, असा आमचा हट्ट होता.

आरोग्याचा कार्यक्रम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? बॅनर, फीत, बीपीचं यंत्र, सकाळी सहाची योगासनं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. व्यायामाला माझा विरोध नाही. ज्या अमरावती जिल्ह्यात वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं आणि १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी ज्याच्या पथकानं बर्लिनमध्ये आपले खेळ दाखवले, त्या जिल्ह्याच्या माणसानं व्यायामाला नावं कशी ठेवावीत? पण शिबिर उरकलं की कार्यक्रम झाला, ही समजूत खोटी आहे.

हंगामात आमच्याकडच्या एखाद्या जिनिंगमध्ये जाऊन पाहा. सरकी काढणारे रेचे सुरू असतात, हवेत कापसाचं तूस तरंगत असतं, बायांनी तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला असतो, केस आणि भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. डब्याच्या पिशवीत पाण्याची बाटली असते आणि दुपार टळली तरी ती भरलेलीच असते. कारण साधं आहे. संडासाला कडी नाही, किंवा संडासच नाही, म्हणून बाई पाणी पीत नाही. मग शिबिरात डॉक्टर सांगतात, 'बाई, भरपूर पाणी पीत जा.' ती मान डोलावते. आता त्या डॉक्टरांचं काय चुकलं? काही नाही. फक्त त्यांच्याआधी गवंडी यायला हवा होता. गाडगेबाबांचं शेंडगाव आपल्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. हा क्रम आपल्या एचआरवाल्यांनी जरूर उचलावा.

याच बाईची आणखी एक गोष्ट. कर्मचारी राज्य विमा योजनेत मालक पगाराच्या सव्वातीन टक्के भरतो, कामगार पाऊण टक्का भरतो आणि कुटुंबासकट उपचार मिळतात. पण १९४८ च्या कायद्यानं हंगामी कारखाने या योजनेतून वगळले, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत पहिलंच नाव आहे कापसाच्या जिनिंगचं. म्हणजे कापसाच्या मुलखातली कापसाची मजूर बाहेर! ठरावांच्या सत्रात हा विषय कोणी ना कोणी मांडावा.

दुसरी गोष्ट वेळेची. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली ती १८९० साली. एवढी वर्षं लोटली, तरी सुट्टी मंजूर होण्यासाठी साहेबाचा मूड पाहावा लागतो. मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर रात्री कुठे टेकतात, त्यांना पहाटे आंघोळीला पाणी मिळतं का, हे एकदा विचारा. घाटातली वळणं घेणाऱ्या माणसाची झोप हा प्रवाशांच्याही जिवाचा प्रश्न आहे. वेळ बदलता येत नाही असं कोणी म्हटलं, तर त्याला अमरावतीचं उदाहरण द्या. २०२१ साली राज्यात महिला पोलिसांची ड्युटी बारा तासांवरून आठ तासांवर आणण्याचा प्रयोग झाला, तेव्हा पहिल्या काही ठिकाणांत अमरावती शहर होतं. त्यासाठी ना मशीन घ्यावं लागलं, ना सल्लागार. ड्युटी चार्ट नव्यानं आखला.

आणि पगार. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. तिथल्या कामगारापुढे 'ताण कमी कसा करावा' यावर व्याख्यान द्यायला मी तरी धजणार नाही.

आता जड मनानं एक उल्लेख करतो. स्वागताच्या भाषणात तो नको, असं काही मित्रांनी सुचवलं होतं. पण इथून धारणीच्या रस्त्यानं निघालं की हरिसाल लागतं. तिथल्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी मार्च २०२१ मध्ये आपलं आयुष्य संपवलं. वरिष्ठाकडून होणाऱ्या त्रासाबद्दल त्यांनी लिहून ठेवलं होतं. कोणाचा दोष किती, ते ठरवणं न्यायालयाचं काम. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. ज्याच्याबद्दल तक्रार, त्याच्याच टेबलावरून अर्ज पुढे जाणार असेल, तर माणसानं जावं कुठे? जिथे दहा किंवा अधिक माणसं काम करतात, तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्यानं सक्तीची केली आहे. अपमान, सूडाच्या बदल्या, रजेची अडवणूक यांसाठी मात्र कान देणारं कोणी नाही. असा एक माणूस प्रत्येक कार्यालयाला हवा, आणि तो त्या कार्यालयाच्या बाहेरचा हवा. शिवाय टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक नोटीस बोर्डावर ठळक लावा. मराठीतून बोलता येतं, दिवसरात्र.

खर्चाचं म्हणाल, तर कडी, नळ, मास्क आणि आखलेला चार्ट यांनी कोणाचा धंदा बुडाला, असं माझ्या तरी ऐकिवात नाही. कायम कर्मचाऱ्यांइतकाच ठेकेदाराचा माणूसही या कार्यक्रमात धरा, कारण सगळ्यात जास्त धूळ त्याच्याच छातीत जाते.

जेवणात आज पिठलं-भाकर, ठेचा आणि आमची संत्री आहेत. व्यवस्थेत कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. प्रवेशद्वाराच्या टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत. जाण्यापूर्वी प्रत्येकानं आपल्या आस्थापनेत करायचा एक बदल, त्याची तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव लिहून द्यावं, ही विनंती. लिहिण्याआधी आपल्याकडच्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला फोन करून विचारा, की बाबा रे, तुला काय पाहिजे?