स्टोअरकीपर लोखंडे

कार्यालयांतून, रुग्णालयांतून, दुकानांतून आलेले अधिकारी, सुपरवायझर आणि मित्रहो,

 परळला येताना वाटेत ज्या काचेच्या इमारती दिसल्या, त्यांतल्या कितीतरी गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या आहेत. म्हणून कामाच्या ठिकाणच्या नेतृत्वाबद्दल बोलायला बसताना पहिलं नाव मी गिरणी कामगारांना संघटित करणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांचं घेतो.

लोखंडे गिरणीत स्टोअरकीपर होते. साच्यावर उभं राहणं त्यांच्या वाट्याला आलेलं नव्हतं. पगार घेऊन गप्प बसले असते, तर कुणी बोल लावला नसता. पण १८८४ साली त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यातल्या मागण्या वाचा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, आदल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. हे टेबलामागे बसून सुचत नाही. कुणाचा डबा कधी उघडतो, वाण्याची उधारी कधी थकते, हे ज्यानं जवळून पाहिलंय त्यालाच सुचतं. माझ्या मते नेतृत्वाचा पाया हाच: जी झळ आपल्याला लागत नाही, तीही आपली मानणं. बाकीची कौशल्यं प्रशिक्षणात शिकता येतात.

चिकाटीही त्यातूनच येते. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला. मधे सहा वर्षं गेली. त्याआधी एप्रिलमध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळात! सभा लोखंड्यांनी बोलावलेली, पण व्यासपीठ त्यांनी एकट्यासाठी ठेवलं नाही. पुढे प्लेगात लोकांची सेवा करता करता १८९७ साली ते गेले. वय पन्नाशीच्या आतलं.

आज आपल्या हाताखाली कंत्राटी माणसं आहेत. त्यांचा पगार कोणत्या तारखेला होतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हे ठाऊक नसणं माझ्या मनाला फार लागतं. म्हणूनच स्वागत समितीनं पहिलं सत्र सफाई कर्मचारी, सुरक्षारक्षक आणि वॉर्डातल्या आयाबाईंना दिलंय; वरिष्ठांची भाषणं दुपारनंतर. पहिल्या सत्रातल्या या वक्त्यांना पूर्ण वेळ मिळावा आणि तोवर कुणी सभागृह सोडू नये, एवढी विनंती करतो आणि माईक त्यांच्या हाती देतो.