मूल ढ आहे की नाक बंद आहे?



आज मी एका क्षुल्लक वाटणाऱ्या दुखण्यावर बोलणार आहे. पाऊस ओसरू लागला की नाशिकमधील मोकळ्या जागा आणि रस्त्यांच्या कडा गाजरगवताच्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात. हे गवत मूळचे आपले नव्हे. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आले आणि पाहता पाहता देशभर पसरले. त्याचे पराग, ओल धरलेल्या जुन्या भिंतींवरची बुरशी आणि थंडीत बाहेर निघणाऱ्या गोधड्यांतले डोळ्यांना न दिसणारे किडे काही मुलांना सोसत नाहीत. सकाळी उठताच शिंकांवर शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज. ताप नसतो, म्हणून आपण म्हणतो, "सर्दीच आहे, जाईल." साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. ही आठवडेच्या आठवडे राहते आणि दरसाल त्याच हंगामात परतते. हिलाच ॲलर्जी म्हणतात.

अशा मुलाचे नाक रात्रभर बंद असते. ते तोंडाने श्वास घेते, झोप वारंवार मोडते. सकाळी वर्गात फळ्याकडे पाहते, पण डोक्यात काही उतरत नाही. कानात दडे बसले तर शिक्षकांचे बोलणेही नीट ऐकू येत नाही. मग प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, "लक्ष नाही." मुलगा असेल तर मार खातो. मुलगी असेल तर घरात कोणीतरी म्हणते, "हिचे डोके चालत नाही, शाळेतून काढा." या एका वाक्यासाठीच मी आज उभा आहे.

औषधाचेही सांगितले पाहिजे. दुकानातून मागून आणलेल्या सर्दीच्या गोळीत बहुधा क्लोरफेनिरामिनसारखे जुने औषध असते. मेंदूला जागे ठेवणारे जे द्रव्य आहे, त्यालाच ते तेथे अडवते. शिंका थांबतात, पण मूल पेंगते. ब्रिटनमध्ये १,८३४ विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सराव परीक्षेपेक्षा अंतिम परीक्षेत ज्यांची श्रेणी घसरली, त्यांच्यात परीक्षेच्या दिवसांत हा त्रास असलेली मुले अधिक आढळली. गुंगी आणणाऱ्या गोळीशी तर हा संबंध आणखी ठळक दिसला. फेक्सोफेनाडिनसारख्या नव्या गोळ्यांनी गुंगी फारच कमी येते. नाकात मारायच्या औषधाचा पुरा गुण यायला काही दिवस नियमाने वापरावे लागते. म्हणून दहावीच्या पेपरच्या आदल्या रात्री धावपळ करण्यापेक्षा दिवाळीच्या सुमारासच डॉक्टरांना दाखवा. छातीत घरघर होत असेल तर एक दिवसही थांबू नका.

घरातही थोडे पाहावे. गोधड्यांच्या खोळी आणि चादरी कढत पाण्यात धुवाव्या. मुले झोपतात त्या खोलीत बिडी नको, आणि लोबानही नको. सुगंधी असला तरी तो धूरच. आणि हो, आपल्याकडे केर काढणे मुलीच्याच वाट्याला येते. जिला शिंका येतात तिच्या हातून झाडू काढून घ्या. परीक्षेपुरते नव्हे, कायमचेच. तिच्या भावाला दोन हात आहेत.