वाळूत गाडी का तापते?



चैत्र-वैशाखात भीमेचे पाणी ओसरले की पंढरपूरच्या वाळवंटापासून खाली हत्तरसंग-कुडलच्या संगमापर्यंत जागोजागी कोरड्या वाळूचे पट्टे उघडे पडतात. या पात्रात हौसेने नव्हे, गरजेने गाडी घालणारे लोक आपल्या जिल्ह्यात बरेच आहेत. पाणी मागे हटले की काठच्या शेतकऱ्याला मोटार आणि पाइप पुढे न्यावे लागतात. वारीच्या तयारीची वाहने वाळवंटात उतरतात, कोणी बुडाले तर बचाव पथकाला थेट पाण्यापर्यंत पोहोचायचे असते. गाडी जुनी जीप असो, बोलेरो असो की फोर बाय फोर ट्रॅक्टर, तक्रार एकच ऐकू येते: थोडे अंतर गेले की तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकतो. दोष आधी सोलापूरच्या उन्हाला दिला जातो, मग रेडिएटरला. खरा दोष रुतणाऱ्या चाकाचा आहे आणि म्हणून उपायाची सुरुवात बोनेट उघडून नव्हे, तर टायरच्या व्हॉल्व्हपाशी बसून करायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

उन्हाचा वाटा किती, हे आधी पाहू. चालत्या इंजिनातले पाणी साधारण ९० ते ९५ अंशांवर असते. बाहेरची हवा ३० अंश असेल तेव्हा दोहोंत सुमारे ६५ अंशांचे अंतर पडते, हवा ४२ अंशांवर गेली की ते ५३ वर येते. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती या अंतराच्या प्रमाणात. म्हणजे उन्हाने त्याची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटते. ही घट किरकोळ नाही. पण तीच गाडी त्याच मे महिन्यात, भर दुपारी, एसी लावून पुणे हायवेवर ८० च्या वेगाने जाते आणि काटा हलत नाही. डांबरी रस्त्यावर दीड टनाची जीप पुढे ढकलायला चाकांना सुमारे २० किलोचा जोर लावावा लागतो. सैल वाळूत तोच जोर ३०० किलोंवर जातो, कधी त्याच्याही वर. पाच मीटरला एक मीटर उंची चढणारा घाट न संपता समोर असावा, तसे हे काम आहे. ढोबळ हिशेबाने वाळूत २० च्या वेगाने जाताना इंजिनाला जी ताकद लावावी लागते, ती, हवेचा विरोध धरून, हायवेवरच्या ८० च्या वेगाइतकीच असते. फरक असा की हायवेवर समोरून येणारा वारा रेडिएटर धुऊन काढतो, वाळूत तो पाव वेगानेच येतो आणि बाकीचा सगळा भार पंख्यावर पडतो. त्यात चाके जागच्या जागी फिरू लागली तर गाडी पुढे सरकत नाही, पण इंजिन उष्णता तेवढीच निर्माण करत राहते.

आता हा ३०० किलोंचा जोर कमी कसा करायचा? फुगलेले टायर अरुंद पट्ट्यावर टेकते, वाळूत खोल शिरते आणि स्वतःच केलेल्या खड्ड्यातून क्षणोक्षणी वर चढत राहते. एरवी टायरमध्ये ३० ते ३५ पौंड हवा असते; ती १८ पौंडांच्या आसपास आणली की टायर बसते आणि जमिनीवरचा त्याचा ठसा वाढतो, रुंदीपेक्षा लांबीने जास्त. वजन पसरते, चाक कमी रुतते आणि जोर थेट उतरतो. ही युक्ती नवी नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे काही वर्षे राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने इजिप्तच्या पश्चिमेकडच्या वाळवंटात साध्या फोर्ड मोटारी नेल्या. त्या फोर बाय फोर नव्हत्या. त्याने टायरमधली हवा कमी ठेवली, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पट्ट्या घातल्या आणि रेडिएटरची वाफ वाया जाऊ नये म्हणून ती नळीने पाण्याच्या डब्यात सोडली. तिथे वाफेचे पाणी होई आणि इंजिन निवले की रेडिएटर ते परत ओढून घेई. आज रेडिएटरशेजारी कूलंटची जी प्लास्टिकची बाटली दिसते, तिचे काम याच तत्त्वावर चालते. पुढे १९४० मध्ये त्याने उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपने याच पद्धती युद्धात वापरल्या.

हवा कमी केली तर टायर खराब होईल, ही शंका रास्त आहे. कमी हवेचे टायर डांबरी रस्त्यावर वेगाने पळवले तर त्याच्या बाजू तापून फाटतात. वाळूतही झटक्यात वळवले तर ते रिमवरून निसटू शकते. म्हणून वेग २० ते २५ च्या आत हवा, वळण मोठे घ्यायला हवे आणि मागे जड ओझे असेल तर हवा इतकी खाली आणू नये. पण या जोखमीची तुलना इंजिन तापून हेड गॅस्केट जाण्याशी करा. टायरची जोखीम शिस्तीने टळते. इंजिन उघडावे लागले तर शेतकऱ्याचा हंगाम जातो.

दुसरा आक्षेप गिअरचा. लो गिअर लावला की इंजिन जास्त फिरते, मग जास्त तापणार नाही का, असे विचारतात. उत्तर उलटे आहे. इंजिन मोकळेपणाने फिरले की पाण्याचा पंप जोरात चालतो, पट्ट्यावरचा पंखाही वेग घेतो आणि प्रत्येक फेऱ्यात इंजिनावर पडणारा ताण हलका होतो. वरच्या गिअरमध्ये कण्हत, हाफ क्लचवर गाडी रेटणे हाच खरा घात आहे. त्यात क्लचही जळतो. काही जण थर्मोस्टॅट काढून टाकतात. गरम इंजिनात तो आधीच पूर्ण उघडलेला असतो, तेव्हा काढून मिळत काहीच नाही. उलट काही इंजिनांत तो काढल्याने थोडे पाणी रेडिएटरला वगळून फिरत राहते. रेडिएटर निर्दोष असतो असे मी म्हणत नाही. बोअरच्या जड पाण्याने त्याच्या नळ्यांत क्षार बसतात आणि उसाच्या पट्ट्यात पाचट आणि धूळ जाळी बुजवून टाकतात. जाळी पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, पाण्याचा दाब कमी ठेवून धुवावी आणि आत कूलंटच घालावे. पण जाळी कितीही स्वच्छ असली तरी रुतत चाललेल्या चाकाची भरपाई ती करू शकत नाही.

वाट निवडण्यालाही महत्त्व आहे. ओलसर वाळू घट्ट असते, म्हणून पाण्याच्या रेषेपासून थोडे आतून आणि शक्यतो सकाळी जावे. अगदी काठाची, पाण्याने भरलेली वाळू टाळावी. एवढे करूनही काटा चढलाच, तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. गाडी वाऱ्याकडे तोंड करून, जमल्यास उतरत्या जागी उभी करावी आणि पाणी शाबूत असेल तर इंजिन न रेटता काही मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे पंखा उष्णता काढत राहतो. पाणी उकळून बाहेर पडत असेल किंवा गळत असेल, तर मात्र इंजिन लगेच बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी शंभर अंशांच्याही वर असते आणि झाकण फिरवताच ते वाफ होऊन अंगावर येते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो.

श्रोतेहो, नदीपात्रात गाडी नेणाऱ्या प्रत्येकाने हवेचा दाब मोजायचा छोटा गेज आणि बॅटरीवर चालणारा पंप गाडीत ठेवावा. वाळूत उतरण्याआधी हवा सोडा आणि वर आल्यावर डांबरी रस्ता गाठण्यापूर्वी ती पुन्हा भरा. उजनी धरणातून पाणी कधी सुटणार आहे, याची चौकशी केल्याशिवाय मात्र पात्रात गाडी उभी करू नका.