रेखांश आणि गच्चीवरील सावली

पृथ्वीचा गोल मुलाच्या हातीं दिला म्हणजे तें प्रथम तो गरगर फिरवितें, आणि मग त्यावरील रेषा बोटानें चाचपून विचारतें, "ह्या रेषा समुद्रांत दिसतात का?" प्रश्न वेडगळ वाटला तरी शिक्षणाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा. पुष्कळ शाळांतून अक्षांश व रेखांश एकाच तासाला, एकाच दमांत उरकले जातात. परिणाम असा कीं, मुंबई ७२ अंश ५० कला पूर्व रेखांशावर आहे हें मूल घडाघडा म्हणतें. पण हे अंश कोठून आणि कशानें मोजले, असें विचारलें कीं तें खिडकीबाहेर पाहूं लागतें.

वस्तुतः दोहोंचा स्वभाव निराळा. अक्षांशाला निसर्गानेंच आरंभ दिला आहे. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते म्हणून तिला दोन ध्रुव आहेत, आणि त्यांच्या बरोबर मध्यें विषुववृत्त पडतें. रेखांशाला असा जन्मसिद्ध आरंभ नाहीं. एका ध्रुवापासून दुसऱ्यापर्यंत काढलेली कोणतीहि रेषा इतरांसारखीच. शून्य कोठें मानावयाचें हा केवळ ठरावाचा प्रश्न. भारतीय ज्योतिष्यांनीं आपली मध्यरेषा उज्जयिनीवरून कल्पिली होती. १८८४ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या परिषदेंत हा मान ग्रीनिचला मिळाला. फ्रान्सनें मात्र १९११ पर्यंत पॅरिसचा हट्ट सोडला नाहीं. हा इतिहास मुलांना अवश्य सांगावा. रेषा माणसानें ठरविली आहे हें कळलें कीं ती समुद्रांत शोधण्याचें कारण उरत नाहीं.

मग ती मोजावयाची कशी? येथें घड्याळ मदतीला येतें. सूर्याच्या हिशेबानें पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश, आणि एका अंशाला ४ मिनिटें. पूर्वेकडील गांवीं मध्यान्ह आधीं होतो, पश्चिमेकडे मागाहून. दोन गांवांच्या मध्यान्हांत जितकीं मिनिटें अंतर, त्याच्या चौथ्या हिश्शाइतके अंश. रेखांशाचें सारें मर्म एवढेंच. पण समुद्रावर तें साधणें फार कठीण गेलें. १७०७ सालीं जागेचा अंदाज चुकून सिली बेटांच्या खडकांवर चार इंग्रज युद्धनौका फुटल्या आणि हजारांवर माणसें बुडालीं. सात वर्षांनीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें मोठें बक्षीस लावलें. पुढें जॉन हॅरिसन नांवाच्या एका सुतारानें जहाजाच्या हेलकाव्यांतहि न बिघडणारें घड्याळ तयार केलें, आणि १७६१ मध्यें तें जमेकाच्या सफरीवर जाऊन कसोटीस उतरलें. जहाजावर मध्यान्ह झाला त्या क्षणीं घरीं किती वाजले आहेत हें त्या घड्याळांत दिसे; बाकी काम त्रैराशिकाचें.

तसें घड्याळ आज घरोघरीं आहे. आकाशवाणीच्या वेळेशीं तें लावून घेतलें कीं मुंबईच्या मुलानें आणि नागपूरच्या त्याच्या मावसभावानें नाताळच्या सुटींत एकाच दिवशीं पुढील प्रयोग करावा. सपाट गच्चीवर एक सरळ काठी ओळंब्यानें उभी करावी. जुन्या ज्योतिषांत हिलाच शंकु म्हणतात. तिच्या पायाशीं मध्य धरून खडूनें वर्तुळ काढावें. सकाळीं सावलीचें टोक वर्तुळाला शिवेल ती वेळ लिहावी, दुपारीं पुन्हा शिवेल तीहि लिहावी. दोहोंचा मध्य तो मध्यान्ह. सर्वांत आंखूड सावली नुसत्या डोळ्यांनीं पकडण्याचा मोह मात्र टाळावा. मध्यान्हाच्या सुमारास तिची लांबी इतकी हळू बदलते कीं मोठीं माणसेंहि फसतात.

२५ डिसेंबरला मुंबईंत मध्यान्ह सुमारें १२ वाजून ३९ मिनिटांनीं येईल, नागपुरांत १२ वाजून १४ मिनिटांनीं. बाराच्या ठोक्याला कां नाहीं, असें मूल विचारीलच. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला या रेखावृत्ताची आहे, सूर्य मात्र ज्या त्या गांवाचा! १९०६ मध्यें ही वेळ लागू झाली तरी मुंबईनें आपली जुनी वेळ पुष्कळ वर्षें सोडली नव्हती. दोन्ही मध्यान्हांतील अंतर २५ मिनिटें, म्हणजे सव्वासहा अंश. आतां नकाशा उघडून ताळा पाहावा.

मुलांचा हिशेब इतका बिनचूक क्वचितच जुळेल. २५ ऐवजीं २३ मिनिटें आलीं, तर नागपूर अर्धा अंश पश्चिमेस सरकून वर्ध्याच्या रेखावृत्तावर जाऊन बसेल. अशा वेळीं उत्तर सुधारून देण्याची घाई वडील मंडळींनीं करूं नये. काठी कलली होती, गच्चीला उतार होता, कीं कोणाचें घड्याळ मागें होतें, हें त्या दोघां भावांनींच एकमेकांना विचारून शोधावें.