मोटरहोमचा संडास : टाकी रिकामी कोण करतं?

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

कानात इअरफोन आहेत ना? असू द्या. कारण आजचा विषय स्पीकरवर लावून जेवायला बसण्यासारखा नाही. आधीच सांगतोय, नंतर शिव्या घालू नका.

मोटरहोमच्या मागच्या भागानंतर तुमचे खूप व्हॉइस नोट आले. रॉकीजमधले डोंगर, युटाची लाल माती, सगळं छान होतं म्हणालात. पण निम्म्या लोकांचा प्रश्न एकच. "दादा, सगळं ठीक आहे, पण गाडीतल्या संडासाचं काय?" आता रीलमध्ये हे कोणी दाखवत नाही. खिडकीतून सूर्योदय दिसतो, हातात कॉफीचा मग दिसतो. त्याच्या चार फूट खाली काय साठलंय ते दिसत नाही. आज तेच बघू.

तर आधी गाडीची रचना. मी डेन्व्हरला राहतो आणि आमच्याकडे एक जुनी, चोवीस फुटी मोटरहोम आहे. तिच्यात तीन टाक्या आहेत. पहिली स्वच्छ पाण्याची. दुसरी ग्रे टँक, म्हणजे बेसिन, अंघोळ आणि भांडी यांचं सांडपाणी. तिसरी ब्लॅक टँक, म्हणजे फक्त संडासाची. आमची ब्लॅक टँक ४० गॅलनची आहे, म्हणजे साधारण १५० लिटर. पूर्ण भरली की दीडशे किलो वजन झालं. दोन दणकट माणसं गाडीखाली लटकवून घाट चढल्यासारखं आहे ते.

माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सगळी गाडी फिरून पाहिली, गॅस पाहिला, फ्रीज पाहिला आणि मग मला विचारलं, "जावईबापू, हे सगळं शेवटी जातं कुठे?" खरं सांगू का, या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. घरी आपण फ्लश ओढतो आणि विसरतो. इथे विसरता येत नाही. जे टाकलं ते तुमच्यासोबतच प्रवास करतं, आणि एक दिवस तुम्हालाच ते बाहेर काढावं लागतं.

पाणी, पाणी आणि पाणी

ब्लॅक टँकचा एक नियम लक्षात ठेवलात तरी निम्मं काम झालं. पाण्यात कंजुषी करायची नाही.

काय होतं बघा. मोटरहोमचं भांडं सरळ टाकीवर बसवलेलं असतं. पाणी कमी असलं की घन मैला बरोबर भांड्याखाली साचत जातो, त्यावर कागद, त्यावर पुन्हा मैला. हळूहळू ढीग तयार होतो. इथले लोक त्याला पिरॅमिड म्हणतात. तो वाळला की दगडासारखा होतो. मग व्हॉल्व्ह उघडला तरी फक्त पाणी वाहून जातं आणि ढीग जागच्या जागी.

बरेच जण कॅम्पग्राउंडला पोचले की गाडी गटाराला जोडतात आणि ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात. वाटतं, जाऊ दे आपोआप. पण तसं केलं की पातळ भाग लगेच निघून जातो आणि घट्ट भाग मागे राहतो. पिरॅमिड बांधायची याहून सोपी पद्धत नाही. म्हणून व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी निदान दोनतृतीयांश भरू द्यायची आणि मग एकदम सोडायची. पाण्याचा जोर असतो, तो सगळं ओढून नेतो. प्रत्येक वेळी रिकामी केल्यावर दहा-पंधरा लिटर साधं पाणी टाकून ठेवायचं. तळ कधीच कोरडा नको.

आणि इथे आपली देशी सवय कामाला येते! आपण पाणी वापरणारी माणसं. कागद कमी, पाणी जास्त. टाकीच्या दृष्टीने हे फार उत्तम. फक्त टाकी लवकर भरते, तेवढा हिशेब ठेवायचा. कागद वापरायचाच असेल तर लवकर विरघळणारा घ्या. तपासणं सोपं आहे. बरणीत पाणी भरा, दोन-चार तुकडे टाका, झाकण लावून हलवा. लगदा झाला तर चालेल. तुकडे तसेच तरंगत राहिले तर तो कागद घरीच ठेवा. आणि ओले वाइप्स, पाकिटावर 'फ्लश चालेल' असं लिहिलेलं असलं तरी, टाकीत अजिबात नाही.

रिकामी करायचा दिवस

टाकी सोडायची ती डंप स्टेशनवर. कॅम्पग्राउंडमध्ये असतात, काही ट्रक स्टॉपवर असतात, काही राज्यांत हायवेच्या विश्रांतीच्या जागीही असतात. जमिनीत एक झाकण असलेलं भोक, शेजारी धुवायचा नळ. एवढंच.

क्रम असा. हातात रबरी मोजे. तीन इंची होजचं एक टोक गाडीला, दुसरं भोकात घट्ट बसवायचं. दोन्ही टोकं हलवून बघायची, मगच पुढे. आधी ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडायचा. ती संपली की बंद, आणि मग ग्रे टँक. असं का? कारण साबणाचं सांडपाणी मागून येऊन होज धुऊन काढतं. म्हणून आदल्या दिवशीपासून ग्रे टँकचा व्हॉल्व्हही बंद ठेवायचा, म्हणजे धुवायला पुरेसं पाणी साठतं. होजच्या तोंडाशी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा मिळतो, तो लावाच. बाहेर येणारं पाणी नितळ झालं की नाही ते दिसतं. दिसायला छान नाही, पण कळतं.

बऱ्याच गाड्यांत टाकी आतून धुवायचा फवारा असतो. तो सुरू करून फोनवर बोलायला निघून जाऊ नका. व्हॉल्व्ह बंद असेल तर टाकी भरते आणि मग पाणी वर भांड्यातून घरात येतं. पुढचं तुम्ही कल्पना करा.

अजून एक. तिथला धुवायचा नळ पिण्याचा नसतो. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा ठेवायचा, वेगळ्या पेटीत. मोजे घातलेल्या हाताने दुसऱ्या नळाला हात लावायचा नाही. आणि निघताना जागा धुऊन निघायचं. सांडलं असेल तर आपण सांडलंय, आपण धुवायचं. तिथे बघायला कोणी नसतं. तरीही मागून येणाऱ्या माणसाचं लहान मूल त्याच काँक्रीटवर उभं राहणार असतं.

वास येतोय?

वास आला की लोक आधी केमिकल विकत आणतात. थांबा जरा. आधी कारण शोधा.

भांड्याच्या तळाला रबरी सील असतं. भांड्यात थोडं पाणी टिकून राहत नसेल तर सील घाण झालंय किंवा गेलंय. ते पाणीच वास अडवतं. दुसरं, बेसिनखालचा वाकडा पाइप. गाडी महिनाभर उभी राहिली की त्यातलं पाणी सुकतं आणि टाकीतला वास सरळ वर येतो. एक तांब्या पाणी ओता, झालं. तिसरं, छतावरचा पंखा. तो सुरू ठेवून फ्लश केलं की पंखा टाकीतली हवा वर ओढतो. आधी पंखा बंद, मग फ्लश.

आणि बऱ्याचदा गुन्हेगार ब्लॅक टँक नसतेच, ग्रे टँक असते. विशेषतः आपल्या स्वयंपाकात. फोडणीचं तेल, भाताची पेज, चहाचा चोथा. तेल टाकीच्या भिंतींना चिकटतं आणि कुजतं. आमच्याकडे नियम आहे. कढई आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. सिंकला बारीक जाळी. चोथा कचऱ्यात.

सेन्सरचंही तसंच. टाकी रिकामी केली तरी पॅनेलवर 'दोनतृतीयांश' दाखवतो. कारण सेन्सरच्या खिळ्यांवर कागद नाहीतर चिकट थर बसलेला असतो. अर्धी टाकी पाणी भरून, थोडं डिटर्जंट टाकून शंभरेक किलोमीटर गाडी चालवा. रस्त्याचे धक्केच घासायचं काम करतात. मग सोडा. एकदा नाही जमलं तर पुन्हा.

थंडीत गाडी उभी करणार असाल तर टाक्या रिकाम्या हव्यात, आणि पाइपांत गुलाबी रंगाचं, खास मोटरहोमचं अँटिफ्रीझ. इंजिनातलं नेहमीचं अँटिफ्रीझ विषारी असतं, ते इथे चालत नाही.

आता गंभीर भाग

बंद टाकीत मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडचा वास सडक्या अंड्यासारखा. पण तो जास्त प्रमाणात असला की नाकाला वास येणंच बंद होतं. म्हणजे वास गेला म्हणून धोका गेला असं समजू नका. व्हॉल्व्ह उघडताना तोंड लांब ठेवा. आणि ब्लीच कधीही ॲसिडमध्ये किंवा अमोनियात मिसळू नका, विषारी वायू निघतो.

मोटरहोमच्या टाकीत माणूस उतरत नाही, ती तेवढी मोठीच नसते. पण आपल्याकडच्या सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये माणसं उतरवली जातात. तिथे हाच वायू असतो. एक जण बेशुद्ध पडतो, दुसरा वाचवायला उतरतो, तोही वर येत नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला असं उतरवायला बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी ३० लाखांची भरपाई द्यायला सांगितली. तरीही बातम्या थांबलेल्या नाहीत.

हे आज का सांगतोय? कारण पुण्यातून, नाशिकमधून तुमच्यापैकी काही जण व्हॅन बनवताय. महाराष्ट्राचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. पण धोरण आलं म्हणून रस्त्यात डंप स्टेशन लगेच सापडेल असं धरून निघू नका. त्यामुळे माझं मत असं, मोठी ब्लॅक टँक बसवू नका. वीसेक लिटरचं, सुटं उचलून नेता येणारं पोर्टेबल टॉयलेट घ्या. ते हाताने नेऊन परवानगी घेऊन खऱ्या संडासात रिकामं करता येतं. त्यात फॉर्मल्डिहाइडवालं केमिकल टाकू नका, एन्झाइमवालं वापरा. नाहीतर ज्याच्या घरच्या सेप्टिक टँकमध्ये तुम्ही ओताल, तिथले मैला पचवणारे जिवाणूच मरतील. आणि रात्री अंधारात गटारात, ओढ्यात, घाटातल्या वळणावर ओतणं? तिथे उद्या सकाळी कोणीतरी पाणी भरणार असतं, किंवा कोणाला तरी ते हाताने साफ करायला लावणार असतात.

सासूबाईंना मी तेव्हा डंप स्टेशनवर घेऊन गेलो होतो. त्या लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला पदर नाकाला लावून उभ्या होत्या. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे इथे साहेबही स्वतःचं स्वतः काढतात." मी म्हटलं, हो. पुढच्या वेळी त्यांनी मोजे मागून घेतले आणि पाण्याचा नळ धरला.

तर मंडळी, व्हॅन बनवत असाल तर संडासाचा आराखडा आधी काढा, दिव्यांच्या माळा नंतर. तुमच्या गाडीत काय सोय केली आहे ते व्हॉइस नोटने नक्की पाठवा. फोटो मात्र नकोत, प्लीज! पुढच्या भागात बॅटरी आणि सोलरबद्दल बोलू, तो जेवताना ऐकला तरी चालेल. भेटू लवकरच. काळजी घ्या.