एका दिवसाचा पाऊस



नोकरीसाठी मुंबईला गेले तेव्हा वाटलं, पाण्याची चिंता मिटली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे एरवी अख्ख्या वर्षात एवढा पडत नाही. अरबी समुद्रावरचे ढग सह्याद्रीला अडून कोकणातच रिते होतात. भूगोलाच्या तासाला 'पर्जन्यछाया' पाठ केलं होतं, अर्थ तिथं कळला.

पण मुंबईच्या दारात पडलेला पाऊस समुद्रात जातो. नळाला येतं ते तानसा, वैतरणा, भातसाचं, साठवलेलं पाणी.

2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. ऑफिसात लोक विचारायचे, "तुमच्याकडे पाऊसच पडत नाही का?" पडतो की! 100 चौरस मीटर छतावर 700 मिलिमीटर पाऊस म्हणजे 70,000 लिटर पाणी. ते आपण वाहून जाऊ देतो.

म्हणून माझी विनंती एवढीच: या स्नेहमेळाव्याची आठवण म्हणून शाळेच्या छताचं पाणी साठवणारी टाकी आपल्या बॅचनं बांधून द्यावी. पहिला वाटा माझा.