बंद दिवा आणि आपली सही

मंडळी, मैंदर्गीहून आपण अक्कलकोटला, सोलापूरला जातो. अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या दर्शनाला लांबलांबची माणसे येतात. त्यांना वाटेतला खड्डा ठाऊक नसतो. त्यात चौकातला दिवा बंद! मग थांबायचे कुणी, जायचे कुणी?

अशा वेळी वेग कमी करा. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. पण तेवढ्यावर गप्प बसू नका. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्कातच येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले आहे.

म्हणून अर्ज लिहा. आपल्या गावातला रस्ता असेल तर नगरपरिषदेला, सोलापूर शहरातला असेल तर महानगरपालिकेला. जागा लिहा, तारीख घाला, पोच घ्या. आणि खाली अंगठा नको बरं का, सही करा!